वहिनींची वही

मैत्रिणींनो, मागे एकदा गाद्या-उशांना ऊन कसं दाखवावं याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं आहे की, गादी नव्यानं भरून घ्यायची तर कापूस कोणता घ्यावा? आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याला विचाराल तर तो डोळे मिटून सांगेल, "बाई, देशी आणा." देशी कापसाचा धागा आखूड नि जाडसर. दाबला तरी तो पुन्हा फुगतो, ऊन लागलं की ताजातवाना होतो. पाणीही छान शोषतो, म्हणून दवाखान्यातल्या कापसालाही तोच बरा. साड्या-शर्टांचं बारीक सूत निघतं ते लांब धाग्याच्या कापसातून. तो सुतासाठी उत्तम, पण गादीत घातला की लवकर बसतो, असं पिंजाऱ्याचं म्हणणं.

पण हा देशी कापूस आणायचा कुठून? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशात पिकणारा बहुतेक सगळा कापूस देशीच होता. आज तो शोधावा लागतो. माझं नशीब म्हणून माझ्या वहिनी अर्धा एकर देशी लावतात आणि दर दिवाळीनंतर एक चुंगडी मला अमरावतीला पाठवतात. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. सात एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, तीही मार्चपर्यंत साथ देणारी. लहानपणी आमच्या घरी वर्षाचं सगळं गणित पऱ्हाटीवर चालायचं. लग्न, शाळेची फी, आईच्या पाटल्या, साऱ्याचं उत्तर एकच, "कापूस निघू द्या."

यंदा चुंगडी पोचवायला वहिनी स्वतःच आल्या. दोन दिवस राहिल्या. पिशवीत लुगड्याच्या घडीखाली एक दोनशे पानी वही होती, कव्हर घातलेली, शाळेतल्या मुलीची असावी तशी. दुपारी मी वाती वळायला बसले नि त्या सरकी काढायला. बोलता बोलता वही उघडली. आज गादीचा विषय इथंच थांबवते आणि त्या वहीबद्दल सांगते. आपण साऱ्या घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बायका आहोत. तुम्हाला ती वाचता येईल.

वही सुरू झाली २०१७ साली. ते वर्ष आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. त्या वर्षी पीक माथ्यापर्यंत वाढलं होतं, हवा कोंदट, नि बोंडअळीच्या धास्तीनं लोक दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होते. तोंडाला रुमाल, अंगात जुना शर्ट, एवढाच काय तो बचाव. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. आमचा दादा त्यांतलाच एक. नवरात्राच्या दिवसांत शेतातून आला, डोळ्यांपुढे धूसर दिसतंय म्हणाला, उलट्या सुरू झाल्या. चार दिवस दवाखान्यात होता. देवाची कृपा, परत आला.

तो दवाखान्यात असताना वहिनींनी त्याचा शर्ट धुवायला घेतला. खिशात दुकानाच्या तीन पावत्या निघाल्या. घरात तेलाचा डबा संपला होता, तो आणायला पैसे नाहीत म्हणून त्या आठवडाभर गप्प होत्या, आणि खिशात औषधांच्या पावत्या, त्याही उधारीच्या! त्यांनी मुलीच्या दप्तरातून कोरी वही काढली आणि पावत्या उतरून घेतल्या. डाव्या पानावर गेलेलं, उजव्या पानावर आलेलं.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "कापूस किती झाला हे सारं गाव इचारते. घरात किती उरला हे कोणी नाही इचारत."

वाती वळता वळता माझा हात थांबला, बरं का.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे हा खर्च कुठून आला ते कळेल. १९७० मध्ये गुजरातेत, सुरतच्या संशोधन केंद्रावर एच-४ नावाचं संकरित वाण निघालं. व्यापारी लागवडीसाठी निघालेलं कापसाचं ते जगातलं पहिलं संकरित वाण. उत्पन्न वाढलं, पण संकरित बियाणं घरचं ठेवून चालत नाही, दर वर्षी विकत आणावं लागतं, आणि त्याला खतपाणीही जास्त. १९७२ पासून आपल्या राज्यात एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे सरकारच कापूस घेणार. तिचे गुणदोष काढत बसले तर अंक पुरणार नाही. पुढे बोंडअळीनं औषधांना दाद देईनाशी केली आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या झाडातच अळीला मारणारं द्रव्य असतं. पहिली काही वर्षं फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे कबूल करायला हवं. नंतर दोन जनुकांचं बियाणं आलं. पण गुलाबी बोंडअळी सवयीची झाली. आधी गुजरातेत, मग सगळीकडे. २०१७ मध्ये तिनं आपल्याकडे हाहाकार केला. म्हणजे बियाण्याची पिशवी महाग ती महाग, आणि फवारणी पुन्हा सुरू! झुरळांसाठी आपण एकच पावडर वर्षानुवर्षं टाकत राहिलो की झुरळं तिच्यावरून फिरायला लागतात ना, तसंच झालं.

वहिनींनी वहीत आणखी एक गोष्ट केली. स्वतःच्या कामाचे दिवस लिहिले. निंदणाचे इतके, वेचणीचे इतके, आणि पुढे गावच्या दराप्रमाणे मजुरी. दादा हसला, "घरच्या माणसाची मजुरी कोण लिहिते?" तर त्या म्हणाल्या, "मी निंदाले नाही गेली तर दुसरी बाई लावसान की नाही? तिले पैसे देसान की नाही?" दादाकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का? आमच्या घरी मी ह्यांना हाच प्रश्न स्वयंपाकाबद्दल विचारला, तर पेपर वर झाला!

पुढच्या वर्षी वहिनींनी हट्ट धरला की सातापैकी दोन एकर माझ्या म्हणण्याप्रमाणे करायचे. विकतचं विष नाही, विकतचं रासायनिक खत नाही. दादानं मान्य केलं. मला वाटतं, पटलं म्हणून नाही, तर पंप पाठीवर घ्यायची त्याचीच हिंमत होत नव्हती म्हणून.

त्या दोन एकरांत त्यांनी काय केलं ते ऐका. बियाणं सरळ वाणाचं, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच वापरता येईल असं. अर्ध्या एकरात देशी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणांपैकी. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद. चवळीची एखादी ओळ, कारण तिच्यावर मावा आला की त्याला खाणारे किडे तिथं जमतात नि मग पऱ्हाटीवर जातात. कडेनं झेंडू, कारण हिरवी बोंडअळी त्याच्यावर अंडी घालते. झेंडूची फुलं दसऱ्याला बाजारात गेली तो नफा वेगळा! शेणखत घरचं, दोन गाई-बैलांचं, त्यातून पुरलं नाही ते शेजाऱ्याकडून सरकीच्या ढेपेच्या बदल्यात.

औषध म्हणाल तर निंबोळीचं. पावसाळ्याच्या तोंडाला कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करायचा, गर धुऊन बिया सावलीत वाळवायच्या. लागेल तेव्हा ५ किलो बिया कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, एकूण पाणी १०० लिटर करायचं, आणि थोडा कपड्याचा साबण घालायचा म्हणजे पानाला चिकटतं. चिंचेचा कोळ काढणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. ज्यांच्या कुंडीतल्या जास्वंदीवर मावा पडतो त्यांनी याच प्रमाणात लिटरभर करून पाहावं, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. संध्याकाळी फवारा, कडक उन्हात नको, आणि त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवू नका.

गुलाबी अळी मात्र निंबोळीला पुरती बधत नाही. ती बोंडात शिरली की बाहेरून बोंड कसं साजरं दिसतं, आणि आत सगळी कवडी. तिच्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची गोळी लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की समजायचं, अळी येणार. फूल उघडण्याऐवजी गुलाबकळीसारखं मिटून राहिलं तर त्याला डोमकळी म्हणतात. ती तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायची. हे काम वहिनी नि मुली सकाळी करतात. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे फरदड घ्यायची नाही. पाणी देऊन पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ओढलं की चार पैसे जास्त दिसतात खरे, पण अळीला वर्षभराचं घर मिळतं. वहिनी डिसेंबरअखेर शेतात शेळ्या सोडतात.

मला खात्री आहे, तुम्ही विचाराल, "एवढं सगळं करून उरलं किती?" पान उलटते. खालचे आकडे वहीतले जसेच्या तसे नाहीत, तुम्हाला समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल करून मांडलेत. एक एकर धरा. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरा.

नेहमीच्या पद्धतीनं समजा ६ क्विंटल कापूस झाला. आले ४२,००० रुपये. गेले किती? बियाण्याच्या दोन पिशव्या १,८०० (२०२५ मध्ये बीटीच्या पिशवीची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती). खतं ६,०००. औषधं ६,०००, फवारायची मजुरी २,०००. नांगरट, पेरणी, डवरणी, निंदण मिळून ८,०००. वेचणी किलोला १० रुपये धरली तर ६,०००. गाडीभाडं १,२००. बेरीज ३१,०००. उरले ११,०००, आणि उधारीचं व्याज अजून धरलेलंच नाही.

वहिनींच्या पद्धतीनं समजा ५ क्विंटलच झाला. आले ३५,०००. बियाणं ५००, शेणखत ३,०००, निंबोळी-सापळे १,०००, फवारायची मजुरी १,५००. निंदण वाढतं, म्हणून मशागतीचे ८,००० ऐवजी १०,०००. वेचणी ५,०००, भाडं १,०००. बेरीज २२,०००. उरले १३,०००. शिवाय तूर-मूग घरात येतं ते वेगळं.

"दोन हजारांचाच तर फरक!" असं मी म्हणून गेले. त्यावर वहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं! म्हणाल्या, "हे चांगल्या वर्षाचं झालं ताई. आता पाऊस दगा देते ते वर्ष मांड."

मांडलं. दोन्हीकडे पीक निम्मं. नेहमीच्या पद्धतीत ३ क्विंटल, २१,००० रुपये. वेचणी नि भाडं निम्मं झालं तरी बाकीचा पैसा आधीच जमिनीत गेलेला, खर्च २७,४००. म्हणजे ६,४०० अंगावर. वहिनींच्या पद्धतीत अडीच क्विंटल, १७,५०० रुपये, खर्च १९,०००. अंगावर १,५००. पाच एकरांचा शेतकरी धरा नि पाचानं गुणा. एकाच्या डोक्यावर ३२,००० रुपयांचं कर्ज चढतं, दुसऱ्याच्या साडेसात हजारांचं. साडेसात हजार माणूस पुढच्या वर्षी तुरीवर फेडतो. बत्तीस हजारांसाठी सावकाराच्या दारात जावं लागतं, आणि पुढच्या खेपेला बियाणं उधार आणावं लागतं, ते दुकानदार देईल ते, देईल त्या भावानं. आमच्याकडे किती घरं अशी बसली हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा मैत्रिणींनो, विषाविना कापूस करणं म्हणजे जास्त पिकवणं नव्हे, हे मला त्या दुपारी कळलं. फायदा आहे तो बुडताना कमी बुडण्याचा. कोरडवाहू शेतात वाईट वर्ष दर तीन-चार वर्षांनी दारात उभंच असतं. २०२५ चाच पावसाळा घ्या ना. ऑगस्ट-सप्टेंबरात इतका पाऊस झाला की उमललेली बोंडं झाडावरच काळी पडली. दादाच्या पाच एकरांचं नि वहिनींच्या दोन एकरांचं सारखंच नुकसान झालं. पाऊस काही सेंद्रिय नि रासायनिक पाहून पडत नाही. पण दादाच्या पानावर डावी बाजू भरलेली होती, वहिनींच्या पानावर ती रिकामी होती.

आता दुसरी बाजू. नाही सांगितली तर वहिनी मला माफ करणार नाहीत.

पहिली दोन वर्षं वाईट गेली. जमिनीला रासायनिक खताची सवय, ती एकदम तोडली की पीक रुसतं. आपल्याच हिशोबात पहिल्या वर्षी ३ क्विंटल धरून पाहा, खर्च जाता १,४०० रुपये उरतात, आणि बांधापलीकडचा शेजारी ११,००० घेऊन जातो. घरातली माणसं बोलतात. सासूबाई, म्हणजे माझीच आई, बोलली. हा काळ कसा काढायचा याचं उत्तर ज्यांच्याकडे नसतं ते सोडून देतात. वहिनी टिकल्या, कारण बाकीचे पाच एकर जुन्याच पद्धतीनं चालू होते. एकदम सात एकर बदलले असते तर कदाचित आज ही वही नसती.

हे आमच्याच घरचं आहे असं नाही. आपल्या खानदेशाला लागून मध्य प्रदेशात निमाड आहे, तिथंही काळी जमीन नि कापूसच. खरगोन जिल्ह्यात १९९० च्या दशकापासून हजारो शेतकऱ्यांनी सेंद्रिय कापूस लावला. ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ शेती विषय शिकवतात, त्यांनी तिथल्या अभ्यासाचे आकडे मला समजावून दिले. २००३ ते २००५ या दोन हंगामांत साठ सेंद्रिय नि साठ नेहमीच्या शेतांचा हिशोब ठेवला गेला. मुरलेल्या सेंद्रिय शेतांत कापूस साधारण तेवढाच, खर्च एका वर्षी १३ नि दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांनी कमी, आणि २० टक्के जादा भाव धरून शिल्लक ३० ते ४३ टक्क्यांनी जास्त. त्याच भागात २००७ पासून चार वर्षं प्रयोगाच्या प्लॉटवर मोजलं, तर पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी कमी आला, पुढच्या दोन वर्षांत बरोबरीला आला. वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मले काहून नाही सांगितलं कोणी तवा? दोन वर्षं मी रोज झोपताना म्हणे, आपलंच चुकलं."

आणि तो जादा भाव? तो वहिनींना आजवर मिळालेला नाही! गावात खेडा खरेदीला व्यापारी येतो, त्याच्या काट्यावर विषाचा नि बिनविषाचा कापूस एकाच ढिगात पडतो. सेंद्रिय म्हणून विकायचा तर प्रमाणपत्र लागतं, दोन-तीन वर्षं जमीन नोंदवून ठेवावी लागते, कागद ठेवावे लागतात. एकट्या-दुकट्याला तो खर्च झेपत नाही, पाच-पंचवीस जणांचा गट हवा. त्यात शेजारच्या शेतातलं बीटीचं परागीकरण होतं किंवा जिनमध्ये सरकी मिसळते, मग माल नापास. बरं, प्रमाणपत्रांतही खोट निघाली. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २०,००० टन सेंद्रिय कापसाचे कागद बनावट असल्याचं त्या प्रमाणपत्राच्या संस्थेनंच जाहीर केलं. खोटं विकणाऱ्यांचे खिसे भरले नि खरं पिकवणारीचा कापूस व्यापाऱ्याच्या ढिगात.

मग राहतो सरकारी हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याला क्विंटलला ८,११० नि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये. तो मिळायला कापसात ओलावा ८ टक्के लागतो, १२ टक्क्यांपर्यंत चालतो पण पैसे कापून, त्यावर गेला तर परत. ओल्या वर्षात घराच्या गच्चीवर, ओसरीत, खाटेखाली कापूस पसरून वहिनी नि मुली तो हातानं हालवत बसतात. त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं होतं, बाजार ढिला राहिला. वहिनींनी थोडा केंद्रावर घातला, थोडा व्यापाऱ्याला. मुलीची फी थांबत नाही.

आणखी एक, जे पुरुषांच्या हिशोबात कधी येत नाही. औषधाचे पैसे वाचले ते कुठे गेले पाहिलंत ना? निंदणात. तणनाशक नाही म्हणजे कंबर वाकवणारी बाई हवी. ते पैसे दुकानाऐवजी गावातल्या बायकांच्या हातात पडतात, हे चांगलंच. पण घरची बाई फुकट राबली तर ती बचत खरी नाही, तिच्या पाठीतून काढलेली आहे. देशी कापसाचं बोंड लहान, दिवसभर वेचून वजन भरत नाही, म्हणून किलोवर वेचणाऱ्या बायका त्या अर्ध्या एकरात यायला कुरकुर करतात. वहिनी तिथं रोजानं पैसे देतात. वहीत ते लिहिलेलं आहे.

तुम्ही-आम्ही शहरात बसून काय करायचं? आधी एक गणित करा. सुती साडीचं वजन साधारण अर्धा किलो. सूत काढताना तूट येते, म्हणून ६०० ग्रॅम रुई धरा. कापसात रुई तिसरा हिस्सा, बाकी सरकी. म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास कापूस. ७० रुपये किलोनं झाले सव्वाशे रुपये. तुमच्या हजार-दीड हजारांच्या साडीत पिकवणारीचे सव्वाशे, आणि त्यातूनच तिचा खर्च जायचा. तिला २० टक्के जादा द्यायचे तर साडीमागे पंचवीस रुपये पुरतात. आपण तेवढे फॉल-पिकोवाल्याशी घासाघीस न करता देतो.

म्हणून सेंद्रिय लिहिलेला कपडा दुप्पट भावानं दिसला तर लगेच भुलू नका. लेबलावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव नि परवाना क्रमांक आहे का ते पाहा. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर ठेवून द्या. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयात जरूर जा. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. तिथं सेंद्रिय कापसाची, वनस्पतींच्या रंगांची खादी मिळते. असा कपडा पहिल्यांदा थंड पाण्यात मीठ घालून वेगळा भिजवा नि सावलीत वाळवा. आणि ज्यांचं माहेर, सासर कापसाच्या मुलखात आहे त्यांनी गादीचा, वातींचा कापूस सरळ घरून मागवा, भाव ठरवून, पैसे देऊन. बहिणीकडून, वहिनीकडून फुकट चुंगडी आणायची आपली जुनी खोड आहे. मीही आठ वर्षं तेच केलं. यंदा पैसे दिले तर वहिनी आधी घेईनात. मग घेतले, पेन मागितलं, उजव्या पानावर लिहिले.

जाताना त्या दारात थांबल्या. कापूस केंद्रावर घालायला सातबारा लागतो, पीककर्जाला सातबारा लागतो. वही वहिनींची, पण सातबारा दादाच्या एकट्याच्या नावावर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. १९९२ मध्ये नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव लावण्याचं शासनानंही ठरवलं. हे मी त्यांना सांगितलं होतं आदल्या रात्री. त्या काही बोलल्या नव्हत्या.

"ताई," चपला घालता घालता म्हणाल्या, "तो अर्ज कसा करायचा, तलाठ्याकडे काय काय कागद लागते, ते जरा इचारून ठेवा. ह्यांच्याशी मी बोलते."

ज्या मैत्रिणींनी हे काम करून घेतलं आहे त्यांनी मला अवश्य लिहावं, कोणते कागद लागले, किती फेऱ्या झाल्या, तेही. पुढच्या आठवड्यात वाळवणं.